पाखाडीकडे वळवलेला कॅमेरा

१४ जानेवारी २००७

आज सकाळी श्रीपतीकाका दादूच्या दुकानात शिरले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "घराला कॅमेरे लावायचेत. माणूस आहे तुझ्याकडे?" दादूने टीव्हीच्या पाठीतून डोकं न काढता स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे केला. त्या क्षणी माझं सगळं बदललं. हे मी शांत डोक्याने लिहितोय.

श्रीपतीकाका म्हणजे उर्वीचे वडील. नाचणे गावाच्या पुढे त्यांचा बंगला, मागे हापूसची बाग. उर्वी माझ्या वर्गात होती, म्हणजे मी वर्गात होतो तोवर. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल चालू असताना दीपेश तिच्याबद्दल काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या हातात मल्टिमीटर होता, तोच मी त्याच्या तोंडावर फेकला. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, आधी त्याने मागावी. मग मी कॉलेजला गेलोच नाही. बाबा तेव्हापासून माझ्याशी भिंतीमार्फत बोलतात. "त्याला म्हणावं पंप बंद कर." भिंत मला सांगत नाही, आई सांगते.

काकांनी मला ओळखलं नाही. उर्वीने घरी माझं नाव काढलेलं नसणार. बरोबरच आहे, मुली असल्या गोष्टी घरी सांगत नाहीत.

ते म्हणाले, आंब्याच्या चोऱ्या वाढल्यात. मुलगा सलिल मस्कतला असतो, तो तिकडून सामान पाठवतोय. नुसते कॅमेरे नकोत, दिवे, भोंगा, पंप सगळं आपोआप चालायला हवं आणि त्याला मस्कतमध्ये बसून दिसायला हवं.

काका गेल्यावर दादू म्हणाला, "वरद, कॅमेरे लावायचेत. वरात नाय न्यायची."

त्याला कोणी सांगितलं देव जाणे.

१८ जानेवारी

बंगला बघून आलो. ग्राफपेपरवर नकाशा काढलाय, असा की कॉलेजातल्या कुठल्या सरांनी काढून दाखवावा.

चार कॅमेरे. एक नंबर पडवीत, पुढचं दार आणि अंगण बघायला. दोन नंबर मागच्या दारी, विहिरीकडे. चार नंबर गडग्यावर, चिऱ्यांच्या त्या कुंपणाच्या कोपऱ्यात खांब रोवून, बागेकडे तोंड करून. पुढच्या-मागच्या दाराला लोहचुंबकाची बटणं. काका झोपताना किंवा बाहेर जाताना एक कळ दाबणार, तिला मी नाव दिलं 'राखण'. राखण चालू असताना दार उघडलं की बाहेरचे दिवे लागणार, भोंगा वाजणार आणि सलिलला ईमेलने फोटो जाणार.

तीन नंबर काकांनी स्वतः दाखवला. माजघरात, जिन्याच्या पायथ्याशी.

मी म्हटलं, "काका, आंबे चोरणारा जिन्यावर कशाला जाईल? वर फक्त उर्वी... वर फक्त खोली आहे ना?"

"तुला सांगितलं तिथे लाव."

मला राग आला. प्लॅनिंग ज्याचं त्याला करू द्यावं. पण वाद घातला नाही, कारण तेवढ्यात उर्वी जिन्यावरून उतरली. निळी ओढणी. मला बघून ती दोन पायऱ्या वर गेली आणि परत खाली आली.

"तू?" म्हणाली.

"मीच," म्हटलं.

"आता हे काम करतोस?"

तिच्या आवाजात किती काळजी होती ते मला लगेच कळलं.

उर्वीच्या आईने, मालिनीकाकूंनी, ताक दिलं. बाई बोलत नाहीत फारशा. मी नमुन्याला नेलेला कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ह्याला मागचं दिसतं का रे?"

मी म्हटलं, "नाही काकू, जिकडे तोंड तिकडचंच दिसतं."

"मग माणसापेक्षा बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

६ फेब्रुवारी

मस्कतचं खोकं आलं. सलिलने एक वस्तू विचारून पाठवली असेल तर शपथ. घरातल्याच वायरींमधून निरोप पाठवणारी यंत्रं आहेत. दिव्याच्या बटणामागे एक डबी बसवायची आणि वेगळी वायर न ओढता मुख्य पेटीतून तिला सांगायचं, लाग, विझ. कागदावर झकास.

प्रत्यक्षात पुढचे दिवे ऐकतात, मागचे ढिम्म. दोन दिवस मी वेड्यासारखा डब्या बदलत बसलो. फोनवर सलिल, "अरे सोपं आहे ते. इकडे सगळ्यांकडे चालतं. तू डिग्री पूर्ण केलीस ना?"

मी फोन काकांच्या हातात दिला आणि विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. नाहीतर बोललो असतो.

शेवटी सापडलं. बंगल्याला थ्री फेज आहे. निरोप एका फेजवर निघतो आणि मागच्या खोल्या दुसऱ्या फेजवर. एकाच घरात राहून एकमेकांना ऐकू न येणारे लोक. पुढचे-मागचे दिवे एका फेजवर घेतले आणि चाललं. काकांना दाखवलं तर म्हणाले, "मग पहिल्या दिवशीच का नाही केलंस?"

१५ फेब्रुवारी

वानरांनी काल भोंगा सातदा वाजवला. बाग मोहोरलीय, ती येणारच. दुपारी आपली राखण तपासायला लावून ठेवली होती. मागच्या दाराला एकाने लोंबकळून हिसडा दिला, दार उघडलं, सगळे दिवे लागले आणि मस्कतच्या ऑफिसात सलिलला एका हुप्प्याचा तोंड वासलेला फोटो पोचला. सलिल ओरडत होता. काकूंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "पाहुणा होता रे, तुला विचारत होता." उर्वी इतकी हसली की जिन्याचा कठडा धरून खाली बसली.

त्या हसण्याकरता मी अजून दहा वानरं आणेन.

मग मी रेकॉर्डिंगच्या मशीनच्या खोलीत, म्हणजे जिन्याखालच्या अडगळीत, वायरी बांधत बसलो होतो तेव्हा ती दारात उभी राहिली. म्हणाली, "लोडशेडिंगला हे बंद पडतं ना?"

"कशाला पडेल? इन्व्हर्टर लावलाय. माझं काम आहे."

"अरे वा," म्हणाली. चेहरा मात्र पडला. तिला माझं कौतुक उघड करता येत नाही, घरातले ऐकतात.

मी तेव्हा बोलून टाकलं. दीपेशला मी कशामुळे मारलं ते तिला माहीत आहे ना, असं विचारलं.

"माहीत आहे. सगळ्या कॉलेजला झालं. तो जे बोलला ते चार जणांनी ऐकलं होतं. तू मारल्यावर चारशे जणांनी ऐकलं."

"म्हणजे मी गप्प बसायचं?"

"मी तुला काही सांगितलं होतं का वरद?"

मला इतका संताप आला की हातातली वायर सोललीच गेली नाही, तुटली. पण नंतर विचार केला. माझं शिक्षण तिच्यामुळे सुटलं हे तिला टोचतंय, म्हणून ती अशी बोलते.

जाताना म्हणाली, "मला नोकरी लागलीय, पुण्याला. कॉलेजात मुलाखती झाल्या तेव्हा."

"मग मीपण पुण्याला येतो. तिकडे कॅमेऱ्याचं काम खूप."

ती हसली. वानराला हसली होती तशी नाही, जरा वेगळं.

२१ फेब्रुवारी

आज मोठं भांडण. म्हणजे माझं नव्हे, मी फक्त मध्ये सापडलो.

काका हल्ली राखण संध्याकाळपासूनच लावून ठेवतात. अंधार पडायच्या आत. म्हटलं, चोर इतक्या लवकर कुठे येतात? तर "तुला काय करायचंय?" आज तिन्हीसांजेला मी तिथेच होतो. काकूंनी रोजच्यासारखं मागचं दार लावलं, पुढचं दार सताड उघडलं आणि निरांजन घेऊन तुळशीकडे निघाल्या. भोंगा सुटला. अंगणातले चारही दिवे भक्कन लागले. काकूंच्या हातातून निरांजन पडलं.

"ही काय थट्टा आहे?" काकू. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "दिवेलागणीला पुढचं दार बंद ठेवायचं? ह्या घरात? लक्ष्मीने कुठून यायचं, व्हेंटिलेटरमधून?"

काका म्हणाले, "अगो, दार उघडायच्या आधी कळ बंद करायची."

"रोज? त्या यंत्राला शिवून मग ओवळ्या हाताने दिवा लावू? आणि तुळशीला हात जोडताना मला मस्कतवरून कोणी बघायला नको. पोटचा मुलगा असला तरी नको."

धर्माची गोष्ट आली की काका नमतं घेतात, हे त्यांचं एक आहे. मला म्हणाले, "काहीतरी कर रे हिचं."

मग काकू माझ्याकडे वळल्या. "दिवेलागणीपुरतं ते झोपवता येईल का?"

म्हटलं, येईल. रोज सूर्य मावळायच्या सुमाराला पुढच्या दाराचं बटण, दिवे आणि भोंगा थोडा वेळ गप्प, पडवीतला कॅमेराही बंद. जिन्याकडचाही त्याच तारेत जोडलाय, तोही डोळा मिटणार. मग आपोआप परत जागं.

"म्हणजे कोणी आलं-गेलं तरी कळणार नाही?"

"तेवढ्या वेळात नाही."

"लक्ष्मी नाहीतरी कॅमेऱ्यात दिसत नाही," असं म्हणून त्या सांडलेलं तेल पुसायला बसल्या.

जुनी माणसं. एवढी महागाची यंत्रणा आणि तिला भोक कशापायी, तर लक्ष्मीपायी. ज्याने हे प्लॅनिंग केलं त्याचा जीव तुटतो. पण केलं.

उर्वी हे सगळं जिन्यावरून बघत होती. मी निघताना म्हणाली, "वरद, ते नक्की झोपतं ना?" किती हळू विचारलं तिने.

मी घरी येईपर्यंत हवेत होतो. हे ती मलाच का विचारते? दिवेलागणीला कोणी आलं तर कळणार नाही हे तिने मला, मलाच, का विचारावं?

२३ फेब्रुवारी

दिवेलागणीला गेलो. गडग्याशी उभा राहिलो. उर्वी दारात आली, मला बघितलं, आणि सरळ माझ्यापर्यंत चालत आली.

"इथे काय करतोस?"

"तूच विचारलंस ना, झोपतं का म्हणून."

तिने मागे वळून पडवीकडे बघितलं. मग म्हणाली, "जा वरद. बाबा बघतील. परत अशा वेळी येऊ नकोस."

माझ्यासाठी घाबरली होती. ओठ पांढरे झाले होते तिचे.

९ मार्च

गडग्यावरचा कॅमेरा थोडा वळवला. बागेकडे बघून तो नुसती वानरं मोजतो. आता त्यात पाखाडी दिसते, म्हणजे अंगणाच्या कडेने खालच्या रस्त्यापर्यंत उतरणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्या. उर्वी त्याच वाटेने कॉलेजला जाते. दुरुस्ती-तपासणी म्हणून मी आठवड्यातून दोनदा जातो, तेव्हा मागचं रेकॉर्डिंग बघावंच लागतं. सकाळच्या उन्हात ती उतरते, सातव्या-आठव्या पायरीवर दप्तराचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेते. रोज.

काकांना सांगितलं नाही. त्यांच्या लक्षात येणार नाही, ते फक्त तीन नंबर बघतात. जिन्याच्या कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून बसतात, क्रिकेट बघितल्यासारखे. दुपारी विचारत होते, "काल ती दोनदा खाली आली, फोन कोणाचा होता दाखवतं का हे?" म्हटलं, आवाज येत नाही काका. "मग काय उपयोग," म्हणाले.

बाप काळजीने बघतो, हे मी समजू शकतो. मी पण काळजीनेच बघतो.

२० मार्च

आज उर्वीने मला मशीनसमोर पकडलं. पडद्यावर पाखाडी होती, पाखाडीवर ती होती, आणि ती माझ्या मागे उभी होती.

"हे काय?"

"फोकस बघतोय."

"झाला?"

"काय?"

"माझा फोकस. झाला का नीट? का अजून जरा हळू उतरू?"

मी म्हटलं, रागावू नकोस, मी फिरवतो परत. ती वर निघाली. जिन्यात तीन नंबरच्या खाली थांबली आणि त्याच्याकडे बघून हात जोडले. अगदी देवाला जोडतात तसे.

थट्टेखोर आहे. पण दिवसभर माझे कान तापले होते. दादूच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी भांडलो. दादू म्हणाला, "मेल्या, तिच्यावरचा राग माझ्या धंद्यावर का?" म्हटलं, कोणावर राग नाहीये माझा. तो म्हणाला, "बरा, मग तो रिमोट खाली ठेव, फोडशील."

कॅमेरा फिरवायचा राहिला. शिडी कुळागरात, पोफळीच्या बागेत, नेली होती.

१७ एप्रिल

उर्वीचं लग्न ठरवतायत.

हे मला कोणी सांगितलं? सलिलने. फोनवर, इंटरनेटचा वेग वाढवायचा म्हणून बोलत होता, त्याच दमात. "जूनमध्ये घरी कार्य आहे, उर्वीचं. मुलगा माझ्याच कंपनीत आहे. मांडवातही दोन कॅमेरे जोडून ठेव, इकडच्या लोकांना बघता येईल."

मी म्हटलं, "तिला पुण्याला नोकरी लागलीय."

"तुला काय माहीत?"

"तिनेच सांगितलं."

त्याचा सूर बदलला. मग म्हणाला, "तू कॅमेऱ्यांपुरतं बघ हां. ती नोकरी वगैरे आम्ही केव्हाच बंद केलीय. कॅमेरे काय आंब्यांसाठी लावलेत असं वाटलं तुला?"

फोन ठेवून मी भिंतीवर मूठ मारली. बोटं सुजलीत, अक्षर त्यामुळे असं येतंय.

ह्या लोकांची लाज वाटते मला. सख्ख्या बहिणीवर नजर ठेवायला चार कॅमेरे. आणि ते जोडले कोणी, तर मी. फसवून करून घेतलं माझ्याकडून. मला जर आधी कळलं असतं तर एक स्क्रू लावला नसता. जिन्याच्या कॅमेऱ्याच्या वेळीच मी विचारलं होतं, विचारलं होतं की नाही?

२ मे

उर्वीला एकटीला गाठलं, काजूच्या झाडाखाली. म्हटलं, हे लग्न होणार नाही.

"नाही होणार," ती म्हणाली. अगदी शांत.

"मग काय ठरवलंयस?"

"माझा शेवटचा पेपर तीस तारखेला आहे. तोवर मला अभ्यास करू दे. तू ह्यात पडू नकोस, वरद. खरंच नको."

म्हटलं, "तीस तारखेला दिवेलागणीला मी साळवी स्टॉपला दादूची मोटरसायकल घेऊन उभा असेन. पुढचं मी बघतो."

तिने पायाशी पडलेलं काजूचं बोंड बाजूला सारलं. मग विचारलं, "साळवी स्टॉपलाच?"

"तिथेच. सगळ्या गाड्या तिथून जातात."

"बरं," म्हणाली.

बरं म्हणाली.

३० मे

आलो. आत्ताच आलो. कपडे बदललेले नाहीत.

साळवी स्टॉपला उभा होतो. दिवेलागण झाली, दिवे लागले, पुण्याची गाडी आली, गेली. मिरजेची आली, गेली. पानवाल्याने दोनदा विचारलं, कोणाची वाट बघतोस. काकांच्या शेजारचे भिकाजी सायकलवरून गेले, तिसऱ्यांदा उतरून माझ्याकडे बघून गेले. मी हललो नाही. मग दादूच आला रिक्षाने, गाडी न्यायला. म्हणाला, "उर्वी घरात नाय. बंगल्यावर बोंबाबोंब चाललीय. तू हितं काय करतंस?"

म्हणजे ती निघाली. निघाली आणि माझ्याकडे आली नाही.

कोण आहे तो? मला फक्त नाव कळू दे.

दादू रस्ताभर काही बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं, निदान मी कोणावर तरी ओरडलो असतो.

३१ मे

सकाळी काकांचा निरोप, ताबडतोब ये. आई दारात आडवी उभी राहिली. बाबा भिंतीला म्हणाले, "त्याला म्हणावं जाऊ नको." आज भिंतीनेही सांगितलं असतं, इतक्या जोरात म्हणाले. पण मला जायचंच होतं. तिला कोणी नेलं ते काकांना बघायचं होतं, आणि मला त्यांच्याहून जास्त.

काका पडवीत फोनवर होते. हातानेच म्हणाले, आत जा, सगळं काढून ठेव, आलोच. मी अडगळीत शिरलो. पडवी आणि जिना दोन्ही त्या वेळेला झोपलेले, मीच झोपवलेले. मागच्या दारी काही नाही. मग चार नंबर लावला. फिरवायचा राहिलेला चार नंबर.

काळंपांढरं चित्र. गडग्याच्या टोकाशी एक पांढरा ठिपका आला, निरांजन. ते चिऱ्यावर ठेवलं गेलं. मग बॅग दिसली, मोठी, कमरेवर घेतलेली. ती घेऊन पुढे चालत होत्या मालिनीकाकू, अनवाणी, तुळशीपुढून उठून आल्यासारख्या. मागे उर्वी. पाखाडीच्या मध्यावर उर्वी थांबली, स्वतःच्या चपला काढून आईपुढे ठेवायला लागली. काकूंनी मान हलवली, चपला पायाने तिच्याकडे परत ढकलल्या आणि तिला पुढे लोटलं. अगदी, शाळेला उशीर होतोय, अशी. दोघी खाली गेल्या. खालच्या रस्त्यावर रिक्षाचा उजेड हलला. मग काकू एकट्याच वर आल्या. शेवटच्या पायरीवर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ. निरांजन उचललं, तळहात आडवा धरला आणि गेल्या.

दुसरं कोणीच नाही. कोणी मुलगा नाही. मी तीनदा मागे घेऊन बघितलं. नव्हताच.

कोणी असता तर बरं झालं असतं. कोणी असता तर मी त्याला शोधला असता. हे असं, कोणीच नसताना, माझ्याकडे न येणं. त्याचं मी काय करू?

आणि मग मला काकूंचा राग आला. दिवेलागण, लक्ष्मी, ओवळे हात, सगळं. मला ताक पाजून माझ्याच हाताने भोक पाडून घेतलं. जुनी माणसं म्हणत होतो मी. किती हसल्या असतील मला, दोघी मिळून.

मागे पावलं वाजली. काकूच होत्या. पडद्यावर त्यांचा तळहात आडवा धरलेला होता, मी तिथेच थांबवला होता.

त्यांनी बघितलं. दाराला टेकल्या.

"हा बागेकडे होता ना रे?"

"मी वळवला."

"कशाला?"

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. त्याच म्हणाल्या, "ती उतरताना दिसावी म्हणून."

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुम्ही दोघींनी."

"मी फसवलं. ती नाही. ती तुला नको नको म्हणत होती, मीच म्हटलं, त्याला काही सांगू नकोस, त्याच्या तोंडात राहणार नाही." मग म्हणाल्या, "तुला तिने काही कबूल केलं होतं का?"

बरं, म्हणाली होती. साळवी स्टॉपलाच, असं विचारून घेऊन बरं म्हणाली होती.

"दाखवायचं तर दाखव," काकू म्हणाल्या. "मला ह्याच घरात राहायचंय, एवढंच. तुला राग आलाय तो खोटा नाही."

विनवलं असतं तर मी दाखवलं असतं. हे मी खरं लिहितोय.

काका आले. फोन हातात, त्यात सलिल, मोठ्या आवाजावर लावलेला. मी पडदा काळा केला होता. काकू बाजूला झाल्या.

"लाव," काका म्हणाले. "पुण्याला गेली असणार ते मलाही कळतं. नेली कोणी ते दाखव. त्याचं तोंड मला बघायचंय."

फोनमधून सलिल म्हणाला, "बाबा, ह्याचंच काम आहे. भिकाजींनी ह्याला साळवी स्टॉपला बघितलाय मोटरसायकल घेऊन. संध्याकाळचे कॅमेरे बंद कोणी ठेवले? ह्यानेच. पोलिसात द्या सरळ. कॉलेजातून हाकललेला माणूस घरात घेतला तुम्ही."

"हाकललेला नाही," मी म्हटलं. "सोडलं मी."

"चार नंबर लाव," काका म्हणाले. "तो झोपत नाही, मला माहीत आहे. चार महिने पोरगी डोळ्यांखाली ठेवली. जिना चढली की बघत होतो, उतरली की बघत होतो. श्वास घेतला तरी कळत होतं मला. आणि तरी गेली. लाव."

तो माणूस हे अभिमानाने सांगत होता. मला त्याच्याकडे बघवेना, आणि बघवेना म्हणून आणखी चीड आली. खुर्ची पण तीच होती, मी बसतो ती. समोरचा पडदाही तोच.

"दिसतंय त्यात," मी म्हटलं. "कोणी नेली ते स्वच्छ दिसतंय. मी दाखवणार नाही."

"माझं यंत्र आहे."

"यंत्र तुमचं. पासवर्ड माझा."

आणि मी तो बदलला. स्वस्तातलं मशीन, नवा पासवर्ड एकदाच विचारतं. डोळे मिटले आणि बटणं दाबत सुटलो, किती ते मलाच माहीत नाही, आणि ओके केलं. "आता मलाही उघडता येत नाही," म्हटलं. "आठवड्याने नवीन रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं. बसा बघत."

काकांनी माझी कॉलर धरली. सलिल फोनमध्ये ओरडत होता, काय झालं, बाबा, काय केलं त्याने, मला काहीच दिसत नाहीये. मी काकांची बोटं एक एक करून सोडवली. फार जोर लागला नाही.

"पोलिसांना बोलवा. दादूच्या दुकानात आहे मी. विचारतील तर सांगेन, साळवी स्टॉपला होतो आणि माझ्याबरोबर कोणी आलं नाही."

हे मी उर्वीसाठी केलेलं नाही. तिच्यासाठी आता मी काहीसुद्धा करणार नाही. काकूंसाठीही नाही, मी त्यांना वाचवलं असं त्यांनी समजू नये. मला त्या माणसाचा राग आला, त्या रागारागात झालं. सगळं माझं असंच होतं.

माजघरात काकू उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. मला म्हणाल्या, "वरद, तुझी पक्कड राहिलीय आत."

"असू दे," म्हटलं.

चपला घातल्या. पट्टा दोनदा सुटला. कोणी मागे आलं नाही. बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.